सांत्वनाचा विवेक

घरांत मृत्यु घडला कीं पहिले दहा-तेरा दिवस भेटावयास येणाऱ्यांची रीघ लागते, आणि येणारा बहुतेक प्रत्येकजण आत्म्याच्या अमरत्वाविषयीं व पुनर्जन्माविषयीं दोन शब्द बोलतो. हे शब्द दुःखितास आधार केव्हां देतात आणि डागण्या केव्हां देतात, इकडे आज आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनीं या विचाराच्या आधारें आपत्ति सोसल्या. इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला, आणि पुढें कांहीं महिन्यांतच लक्षावधि लोक शहर सोडून गेले. लोकमान्य टिळकांचे ज्येष्ठ चिरंजीव विश्वनाथ याच रोगानें इ. स. १९०३ मध्यें वारले. पुढें मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिवाळ्यांत लोकमान्यांनीं ‘गीतारहस्य’ लिहिलें, आणि १९१२ त तेथेंच त्यांना पत्नी सत्यभामाबाईंच्या निधनाची वार्ता कळली. आत्मा अमर आहे हें अर्जुनास सांगितलें तें त्यानें उठून कर्तव्य करावें म्हणून, हा त्या ग्रंथाचा गाभा. ग्रंथकर्ता स्वतःहि खचून बसला नाहीं. १ ऑगस्ट १९२० रोजीं मुंबईच्या सरदारगृहांत देह ठेवीपर्यंत तो लोककार्यांतच राहिला.

पुनर्जन्म आहे म्हणून हा जन्म वाऱ्यावर सोडावा, असाहि अर्थ कोणीं घेऊं नये. डॉ. हाफकिन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ त त्यांची प्रयोगशाळा परळास गेली. लस टोचून घेणें आणि गीता वाचणें यांत विरोध नाहीं.

परंतु कर्मसिद्धान्ताचा एक दुरुपयोग सुशिक्षित घरांतूनहि ऐकूं येतो. जिचें मूल गेलें किंवा पति गेला, तिला ‘गेल्या जन्मींचें कांहीं असेल’ असें सहज म्हटलें जातें. बोलणाऱ्यास तें सांत्वन वाटतें. ऐकणारीस तो आरोप वाटतो, कारण जो अपराध तिला आठवतहि नाहीं तो तिच्या पदरीं बांधला जातो. कर्माचा विचार ज्यानें त्यानें स्वतःपुरता करावा. दुसऱ्याचा हिशेब मांडण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

इ. स. २०२० च्या टाळेबंदींत अंत्यविधीस मोजकींच माणसें जमूं शकत होतीं, आणि गिरगांवापासून दादर-लालबागेपर्यंत कित्येक घरीं भेटावयासहि कोणी येऊं शकलें नाहीं. पोथी घरांत असूनहि माणूस एकाकी पडतो, हें त्या वेळीं पुष्कळांनीं अनुभविलें. ज्या घरीं चूल पेटत नाहीं तेथें शेजारणीनें पिठलें-भात नेऊन ठेवावा, क्रियाकर्मासाठीं बाणगंगेवर कोणीतरी सोबत जावें, या आपल्या चाळींतल्या रीतींची योग्यता तेव्हां कळली.

म्हणून दुःखाच्या घरीं जाल तेव्हां मुलांना शाळेंत पोंचवा, कागदपत्रांसाठीं बँकेंत खेप घाला, जवळ स्वस्थ बसा. परलोकाची गोष्ट त्या घरच्या माणसानें आपण होऊन काढली, तर मात्र ती शेवटपर्यंत ऐकून घ्या.