चवीपुरते धोरण

देशातले बहुतांश मीठ माणसाच्या पोटात जातच नाही. सरकारचा मिठाचा विचार मात्र अजून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीच थांबलेला आहे.

नोव्हेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीला आठवडाही झाला नव्हता तेव्हा, उत्तर भारतात मीठ संपल्याची अफवा पसरली. दुकानांपुढे झुंबड उडाली, किलोला वाटेल तो भाव मागितला गेला आणि साठा मुबलक असल्याचा खुलासा करताना सरकारची तारांबळ उडाली. मिठासाठी सत्ताधारी एवढ्या तातडीने जागे झाल्याची उदाहरणे फारशी नाहीत. एरवी हा विषय आयोडिनची जाहिरात, दांडीयात्रेचे स्मरण आणि रक्तदाबाच्या रुग्णाला डॉक्टरने दिलेली तंबी एवढ्यापुरताच निघतो. मीठ स्वस्त आहे आणि मिळते आहे, म्हणजे सारे ठीक आहे, अशी आपली समजूत. ती मुळातून तपासायला हवी.

साधा हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा, असे सांगते. आपण त्याच्या दुप्पट, म्हणजे दहा ग्रॅम खातो असे धरले, तरी १४० कोटी लोकांना वर्षाला सुमारे ५१ लाख टन पुरते. देशात मीठ पिकते सुमारे तीन कोटी टन. चीन आणि अमेरिकेनंतर आपलाच क्रमांक लागतो. उरलेले मीठ काही निर्यात होते आणि मोठा वाटा कारखान्यांत जातो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कॉस्टिक सोडा, क्लोरिन आणि हायड्रोजन मिळतात. मीठ, चुनखडी आणि अमोनिया यांच्या साखळीतून सोडा अॅश तयार होते. साबण, कागद, कापडावरची प्रक्रिया आणि बॉक्साइटमधून काढली जाणारी अॅल्युमिना यांना कॉस्टिक लागतो. काचेला आणि धुण्याच्या पावडरीला सोडा अॅश लागते. नळाच्या पाण्यापासून पीव्हीसीच्या पाइपापर्यंत आणि कीटकनाशकांपासून औषधांपर्यंत क्लोरिनचा वावर असतो. मीठ काढून घेतल्यावर जे कडवट पाणी उरते, त्यातूनही ब्रोमिन निघते. म्हणजे आमटीतले मीठ हा या व्यवहाराचा लहानसा कोपरा आहे. देशाचा रासायनिक उद्योग ज्या पायावर उभा आहे, तो पाया मिठाचा आहे.

हा पाया रचणारे हात कोणाचे? देशातले चार पंचमांशांहून अधिक मीठ गुजरातेत होते. कच्छच्या छोट्या रणात अगरिया कुटुंबे पावसाळा सरला की जमिनीखालचे खारे पाणी उपसून वाफे भरतात आणि उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत तिथेच झोपडी बांधून राहतात. प्यायचे पाणी टँकरने येते, शाळा आणि दवाखाना कोसांवर. डिझेलवर चालणाऱ्या पंपांनी त्यांची कमाई वर्षानुवर्षे गिळली. अलीकडे अनुदानातून सौरपंप आले, हा दिलासा खरा. पण अवकाळी पावसाची एक सर किंवा कालव्याचे सुटलेले पाणी अख्खा हंगाम विरघळवून टाकते. शिवाय हे रण १९७३ पासून रानगाढवांचे अभयारण्य आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथे मीठ पिकवणाऱ्या अनेकांचा जमिनीवरचा हक्क कागदावर आलेलाच नाही. कागद नाही म्हणून नुकसानीची भरपाई नाही आणि बँकेचे कर्जही नाही. मग व्यापाऱ्याची उचल घ्यायची आणि तो सांगेल त्या दराने मीठ घालायचे.

हा दर किलोमागे पैशांत मोजला जातो. तेच मीठ शुद्ध होऊन, आयोडिन लावून, पिशवीत बंद होऊन पंचवीस-तीस रुपयांना आपल्या घरी येते. मधल्या प्रक्रियेचा, वाहतुकीचा आणि नफ्याचा वाटा वजा केला तरी ही दरी डोळ्यांत खुपावी अशी आहे. दर वाढवला तर उद्योग कोलमडेल, हा नेहमीचा युक्तिवादही आकड्यांपुढे टिकत नाही. एक टन कॉस्टिक सोड्याला सुमारे दीड टन मीठ लागते. मीठ किलोमागे पन्नास पैशांनी महागले, तर टनामागे खर्च वाढेल साडेसातशे रुपये. बाजारात कॉस्टिकचा टन कित्येक हजार रुपयांना विकला जातो आणि त्याच्या उत्पादनखर्चात सर्वांत मोठा वाटा विजेचा असतो. उद्योगांची स्वतःची मोठी मिठागरे किनाऱ्यावर आहेत, हे खरे. पण तिथेही कंत्राटी मजूरच राबतो आणि त्याच्या मजुरीचा प्रश्न वेगळा नाही.

दुसरी बाजू कारखान्याच्या कुंपणाआड आहे. मिठाचे विद्युत विघटन केले की एक टन कॉस्टिकसोबत जवळपास नऊशे किलो क्लोरिन तयार होतोच, तो कोणाला हवा असो वा नसो. हा विषारी वायू फार काळ साठवता येत नाही. मागणी कॉस्टिकला आणि ओझे क्लोरिनचे, अशी अवस्था येते तेव्हा क्लोरिन उचलणाऱ्यालाच पैसे द्यावे लागल्याचे प्रसंग या बाजाराने पाहिले आहेत. आणि त्याच वेळी आपण गरजेचे निम्म्याहून अधिक पीव्हीसी परदेशातून आणतो! क्लोरिन घरात पडून आणि क्लोरिनपासून होणारा माल बाहेरून, या विसंगतीला नियोजनाचा अभाव याखेरीज दुसरे नाव नाही. साठवणुकीतली बेफिकिरी काय करते, हे मुंबईने १४ जुलै २०१० रोजी अनुभवले. शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षे बेवारस पडलेल्या सिलिंडरमधून क्लोरिन गळला आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. सोडा अॅशचीही कथा अशीच. टनभर सोडा अॅशबरोबर साधारण तेवढेच कॅल्शियम क्लोराइड सांडपाण्यात उरते. त्याचा भार अखेर किनाऱ्यावरच पडतो.

तिसरा प्रश्न महाराष्ट्राच्या दाराशी आहे. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गपासून वसई, उरण, पेणपर्यंत खाडीकाठी मिठागरे पसरली होती. आगरी समाजाच्या कित्येक पिढ्या त्यांवर जगल्या. १९३० मध्ये वडाळ्याच्या आणि शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. आज मुंबईतल्या मिठागरांकडे घरबांधणीची मोकळी जमीन म्हणून पाहिले जाते. धारावी पुनर्विकासातील घरांसाठी त्यातील सुमारे २५६ एकर जमीन देण्यावर २०२४ मध्ये मोहोर उमटली. धारावीकरांना चांगले घर मिळालेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण मिठागर ही उधाणाचे पाणी सामावून घेणारी सखल जमीन आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ज्या शहराने हे पाहिले, त्याने असे सखल भाग बुजवावेत का, हा प्रश्न नुसत्या चौरस फुटांच्या हिशेबाने सुटत नाही. कायद्याने तर हात आधीच वर केले आहेत. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांनी मीठ पिकवण्यासाठी केलेल्या जागांना व्याख्येतूनच वगळले. म्हणजे शेत म्हणून संरक्षण नाही, पाणथळ म्हणून नाही आणि उद्योग म्हणूनही नाही.

या साऱ्याकडे कोणी एकत्र पाहते का? राज्यघटनेच्या केंद्रीय सूचीत मिठाला स्वतंत्र, ५८ वी नोंद आहे. मीठ आयुक्तांची यंत्रणा आहे, तिचे मुख्यालय समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर जयपूरला. भावनगरला १९५४ पासून मीठ आणि सागरी रसायनांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. कमतरता यंत्रणेची नाही, कारण सरकारने मनावर घेतले तेव्हा याच मिठाने काम करून दाखवले. १९५० च्या दशकात कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी आयोडिनयुक्त मिठाने गलगंड आटोक्यात येतो हे सिद्ध केले. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ मध्ये आयोडिनविरहित खाद्य मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली. आज उत्पादनाच्या टप्प्यावर आयोडिन दशलक्षात ३० भाग आणि ग्राहकापर्यंत किमान १५ भाग असावे लागते. मिठाचा कण अन् कण असा मोजता येतो. उद्योगालाही वळण लावता येते. पारा वापरणारी कॉस्टिकची जुनी पद्धत अत्यंत घातक होती. सरकारी दडपण आणि पुढे पाऱ्याच्या वापराविरुद्धचा मिनामाटा करार यांमुळे देशातले बहुतेक कारखाने बिनपाऱ्याच्या तंत्राकडे वळले. त्याने उद्योग बुडाला नाही, उलट त्याची विजेची बचत झाली.

तेव्हा मागण्या अवघड नाहीत. उद्योगाला लागणाऱ्या मिठासाठी उत्पादकाचा किमान दर ठरवावा आणि तो अगरियांच्या सहकारी संस्थांमार्फत थेट द्यावा. रणातल्या पारंपरिक उत्पादकांच्या हक्कांची नोंद अभयारण्याच्या नियमांना धरून पुरी करावी. कॉस्टिकच्या नव्या क्षमतेला परवानगी देताना क्लोरिन कुठे खपणार, याचा लेखी आराखडा सक्तीचा करावा. आणि मुंबई महानगरातील उरलेल्या मिठागरांपैकी पुराचे पाणी झेलणाऱ्या जागा कोणत्या, हे भरतीच्या नकाशासह जाहीर करून मगच बाकीच्यांचा विचार करावा. यांतल्या एकाही गोष्टीला नवे खाते लागत नाही. लागते ती फक्त मिठाकडे चिमटीतून न पाहता टनांतून पाहण्याची तयारी.

ती तयारी नसल्याचा तोटा ग्राहकाला जाणवत नाही, म्हणूनच तो राजकीय प्रश्न होत नाही. मिठाच्या किमतीवरून निवडणूक हरलेले सरकार हल्लीच्या काळात कोणी पाहिलेले नाही. पण मिठात आयोडिन किती हे दशलक्षांशात सांगू शकणाऱ्या सरकारला, ते मीठ पिकवणाऱ्याच्या हातात किलोमागे किती पडले, हे सांगता येत नसेल, तर त्याला अज्ञान म्हणता येणार नाही. मोजायचेच नाही, असे ठरवले गेले आहे. हा निर्णय बदलण्यासाठी पुन्हा मीठटंचाईच्या अफवेची वाट पाहू नये.