बिळातील श्वास

कळंब परिसरात शेताच्या बांधावर भुसभुशीत मातीचा ताजा ढीग दिसला की शेतकरी घूस ओळखतो. ही लहान घूस बिळाचे तोंड आतून मातीने बुजवते आणि धान्याचा असा साठा करते की कसलेल्या अडत्यालाही हेवा वाटावा! मात्र बंद बिळात प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो.

अशा हवेत जगण्याची जनुकीय किमया पूर्व आफ्रिकेतील ‘नेकेड मोल रॅट’ या भूमिगत प्राण्यात अधिक स्पष्ट दिसते. त्याचा जनुकसंच २०११ मध्ये उलगडला. दृष्टीची काही जनुके निकामी झालेली आढळली. डोळे न वापरल्याने ती झिजली, असे मात्र नव्हे. अंधारात त्यांतील बिघाड जिवावर बेतत नाही, म्हणून तो पिढ्यान्पिढ्या टिकून राहिला. २०१७ मध्ये दिसले की हा प्राणी प्राणवायूविना १८ मिनिटे तग धरतो. त्या वेळी त्याचा मेंदू फ्रुक्टोज या साखरेवर चालतो.

पक्षाघातात माणसाच्या मेंदूतील पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. फ्रुक्टोज वापरण्याची यंत्रणा आपल्यातही आहे. पण ती मुख्यतः आतडे, यकृत आणि मूत्रपिंडात. मेंदूपर्यंत ती कशी पोहोचवावी, हा संशोधकांपुढील प्रश्न आहे.