जळगावच्या यादीत न सापडणारे एरंडोल

आजचा धागा अशा एका लोकसभा मतदारसंघाविषयी आहे, ज्याच्या नावाने आता कोणीही संसदेत जात नाही. एरंडोल. १९७७ च्या निवडणुकीत तो पहिल्यांदा दिसला आणि २००९ च्या निवडणुकीत दिसेनासा झाला.

विषय किरकोळ वाटेल. वाटण्याचे कारण मात्र तपासून पाहण्याजोगे आहे.

जळगाव लोकसभा मतदारसंघाच्या खासदारांची यादी उघडा. १९९९ पासून २०२४ पर्यंत प्रत्येक विजयी उमेदवार भारतीय जनता पक्षाचा आहे. मधली २००७ ची पोटनिवडणूकही त्याच पक्षाची. ही यादी पाहून 'जळगाव म्हणजे पाव शतकाचा अभेद्य गड' असे विधान सहज केले जाते. यादी खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र अमळनेर, पारोळा, एरंडोल या पट्ट्यातल्या मतदारांना लागू पडत नाही, कारण २००९ पूर्वी हे लोक जळगावचा खासदार निवडतच नव्हते. त्यांची यादी वेगळी होती आणि ती यादी कोणी उघडत नाही.

थोडे मागे जाऊ. १९०६ मध्ये इंग्रजांनी खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. पुढे पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला, पश्चिमेचा धुळे. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या निवडणुकांत हीच जुनी नावे मतदारसंघांनाही होती. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पूर्व खानदेशाने नौशेर भरुचा या मुंबईच्या पारशी वकिलाला लोकसभेत धाडले. त्याच वर्षी भारतीय जनसंघाला साऱ्या देशात लोकसभेच्या अवघ्या ४ जागा मिळाल्या. त्यांतली एक बलरामपूरहून अटलबिहारी वाजपेयींची, आणि एक धुळ्याहून उत्तमराव पाटील यांची. हे दुसरे नाव लक्षात असू द्या, ते परत येणार आहे.

१९७० च्या दशकातील पुनर्रचनेनंतर एरंडोल हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ झाला. ९ सार्वत्रिक निवडणुका आणि १ पोटनिवडणूक, एवढे त्याचे आयुष्य.

१९७७ मध्ये जनता पक्षाचे सोनूसिंग धनसिंग पाटील निवडून आले आणि मोरारजी देसाईंच्या सरकारात गृहराज्यमंत्री झाले. १९८० आणि १९८४ ला काँग्रेसचे विजय नवल पाटील. १९८९ मध्ये भाजपचे उत्तमराव पाटील, तेच १९५७ चे, तब्बल ३२ वर्षांनी लोकसभेत परतलेले. १९९१ ला पुन्हा विजय नवल पाटील. त्यानंतर १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ अशा सलग ४ निवडणुका भाजपचे अण्णासाहेब एम. के. पाटील यांनी जिंकल्या. वाजपेयींच्या मंत्रिमंडळात तेही राज्यमंत्री होते. (पहिल्या ९ निवडणुका, चौघे विजेते, चौघेही पाटील. खानदेशाबाहेरच्या वाचकांनी गोंधळू नये, इथे आडनावावरून पक्ष ओळखता येत नाही.)

आता या यादीशेजारी जळगावची यादी ठेवा. १९८९ मध्ये एरंडोलने भाजप निवडला, जळगावने काँग्रेसचे यादव शिवराम महाजन. १९९१ मध्ये दोघांनी जागा बदलल्या: एरंडोल काँग्रेसकडे, जळगाव भाजपचे गुणवंतराव सरोदे यांच्याकडे. १९९८ मध्ये एरंडोल भाजपबरोबर, जळगाव काँग्रेसचे डॉ. उल्हास पाटील यांच्याबरोबर. एकाच जिल्ह्याचे रस्ते, कापूस-केळीचे तेच बाजार, तीच अहिराणी नि तीच लेवा बोली कानावर, तरी कौल वेगळा. दोन मतदारसंघ दोन स्वभावांचे होते एवढे म्हणण्यास हा पुरावा मला पुरेसा वाटतो.

आणि मग डिसेंबर २००५ आला.

१२ डिसेंबर २००५ रोजी एका वृत्तवाहिनीने गुप्त चित्रीकरण प्रसारित केले. काल्पनिक उद्योजक संघटनेचे प्रतिनिधी असल्याची बतावणी करून पत्रकार खासदारांना भेटले होते आणि संसदेत प्रश्न विचारण्याच्या मोबदल्यात रक्कम देताना कॅमेरा चालू ठेवला होता. ११ खासदार त्यात सापडले, १० लोकसभेचे आणि १ राज्यसभेचा. रकमा १५ हजारांपासून १ लाख १० हजारांपर्यंत. पवनकुमार बन्सल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. समितीतील भाजपचे सदस्य विजयकुमार मल्होत्रा यांनी बहुमताशी असहमती नोंदवली. २३ डिसेंबर रोजी, म्हणजे प्रसारणानंतर ११ दिवसांनी, दोन्ही सभागृहांनी अकराही जणांची हकालपट्टी केली.

त्या दहा लोकसभा सदस्यांत दोघे महाराष्ट्राचे होते. एक एरंडोलचे अण्णासाहेब पाटील, दुसरे जळगावचे वाय. जी. महाजन. एकाच जिल्ह्यातले, शेजारच्या मतदारसंघांतले. त्या दिवशी सायंकाळी जळगाव जिल्ह्यातील या दोन्ही मतदारसंघांना लोकसभेत प्रतिनिधी उरला नव्हता. देशात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याच्या वाट्याला हे आले नाही.

इथे दोन गोष्टी न्यायाने सांगायला हव्यात. सभागृहाने सदस्यत्व काढून घेणे म्हणजे फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवणे नव्हे. शिवाय सभागृहाला असा अधिकार आहे काय, हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १० जानेवारी २००७ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'राजा राम पाल' खटल्यात हकालपट्टी वैध ठरवली. न्या. रवींद्रन यांचे मत विरुद्ध होते: सदस्यत्व कशामुळे जाते हे संविधानात नमूद आहे, त्यापलीकडे सभागृह जाऊ शकत नाही, असा त्यांचा आशय. अभ्यासकांनी बहुमताइतकेच ते मतही वाचावे.

एकूण वर्षाहून अधिक काळ दोन्ही जागा रिकाम्या राहिल्या. २००७ मध्ये पोटनिवडणुका झाल्या. जळगावने हरिभाऊ जावळे यांच्या रूपाने भाजप कायम ठेवला. एरंडोलने, सलग ४ वेळा जिंकवलेल्या त्या पक्षाला बाजूला सारून, राष्ट्रवादी काँग्रेसचे ॲड. वसंतराव मोरे यांना निवडले. आरोप सारखा, तारीख सारखी, जिल्हा एक, आणि निकाल उलट.

मतदारसंघ म्हणून एरंडोलने दिलेला हा शेवटचा निकाल.

कारण न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचे काम तोवर पूर्ण होत आले होते. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली पुनर्रचना फेब्रुवारी २००८ मध्ये अमलात आली. महाराष्ट्राच्या ४८ जागा ४८ च राहिल्या, आतल्या रेषा मात्र सरकल्या. जळगाव जिल्ह्यातील विधानसभेच्या जागा १२ वरून ११ झाल्या, पारोळा आणि यावल ही नावे गेली. लोकसभेत एरंडोल गेले, रावेर आले. खानदेशाच्या एकूण जागा पूर्वीही ४ होत्या, नंतरही ४.

या बदलाचा खरा अर्थ २००९ च्या उमेदवारीत दिसतो. जळगावचे विद्यमान खासदार जावळे उभे राहिले रावेरमधून, आणि जिंकले. एरंडोलचे विद्यमान खासदार मोरे उभे राहिले जळगावमधून, आणि भाजपच्या ए. टी. नाना पाटील यांच्याकडून हरले. म्हणजे दोन्ही खासदार आपापल्या जुन्या मतदारांच्या मागे गेले. वंशावळ लावायची तर जुन्या जळगावचा वारस मुख्यतः रावेर आहे, आणि जुन्या एरंडोलचा वारस आजचा जळगाव. फक्त 'जळगाव' हे नाव एका घरातून उठून दुसऱ्या घरात राहायला गेले. नावावर विसंबून यादी करणारा अभ्यासक नेमका इथे फसतो: २००७ पर्यंत तो भुसावळ-यावल-रावेरचा इतिहास सांगतो, २००९ पासून अमळनेर-पारोळ्याचा, आणि दोन्ही एकाच माणसाचे चरित्र असल्यासारखे एका दमात वाचतो. त्या सांध्यात २००७ चा एरंडोलचा निकाल गडप होतो.

मतदारसंघ नाहीसे होण्याची एक निराळी तऱ्हा इंग्लंडच्या इतिहासात सापडते, आणि तिचा धागा हिंदुस्थानाशी जुळलेला आहे. सरधन्याच्या बेगम समरूचा वारस डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोंब्रे हा १८४१ मध्ये सफोक परगण्यातील सडबरी येथून ब्रिटिश संसदेत निवडून आला. आशियाई वंशाचा तो पहिला खासदार मानला जातो. पुढच्याच वर्षी मतदारांना लाच दिल्याच्या कारणावरून ती निवडणूक रद्द झाली. चौकशीत उघडकीस आलेली मतखरेदी इतकी होती की १८४४ मध्ये संसदेने सडबरीचा प्रतिनिधी पाठवण्याचा हक्कच काढून घेतला. मतदार विकले गेले, म्हणून मतदारसंघ रद्द.

एरंडोलच्या मतदाराने काय केले होते? ठपका त्याच्या प्रतिनिधीवर होता. त्याने वर्षभर रिकामी खुर्ची सोसली, संधी मिळताच वेगळा माणूस पाठवला. त्याला शिक्षा म्हणून मतदारसंघ मोडला असे मी म्हणत नाही, तसे म्हणणे खोटे ठरेल. लोकसंख्येच्या हिशेबात तो मोडला आणि तो हिशेब चुकीचा होता असाही माझा दावा नाही. पण परिणाम असा झाला की एरंडोलचे नाव आता दोनच ठिकाणी भेटते, हकालपट्टी झालेल्यांच्या यादीत आणि रद्द झालेल्या मतदारसंघांच्या यादीत. त्या दोहोंमधली २००७ ची पोटनिवडणूक, जी मतदारांची स्वतःची कृती होती, ती नेमकी विस्मरणात गेली.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. एका पोटनिवडणुकीवरून नीतिमत्तेचा कौल काढता येत नाही. उमेदवार, गटबाजी, राज्यातील सत्ता अशी अनेक कारणे एकत्र काम करतात. शिवाय त्याच मतदारांचा मोठा भाग २००९ मध्ये पुन्हा भाजपकडे वळला. मान्य. एरंडोल नीतिमान आणि जळगाव बेफिकीर असा सोपा धडा मलाही काढायचा नाही. मला एवढेच हवे आहे की असा प्रश्न विचारण्याइतपत तरी नोंद डोळ्यांसमोर असावी. यादीच चुकीच्या नावाखाली लावली तर प्रश्नच उद्भवत नाही, आणि 'गड' हा शब्द बिनविरोध निवडून येतो.

म्हणून माझा आग्रह असा: पुनर्रचनेच्या प्रत्येक आदेशासोबत वंशावळीचा तक्ता प्रसिद्ध व्हावा. कुठले तालुके, कुठली महसूल मंडळे कुठल्या जुन्या मतदारसंघातून नव्यात आली, हे सामान्य वाचकाला कळेल अशा रीतीने छापावे. आदेशात नव्या हद्दी काटेकोर दिलेल्या असतात, मागचा दुवा मात्र वाचकाने स्वतः जुळवायचा. हे काम आता तातडीचे आहे, कारण पुनर्रचनेच्या आदेशाला न्यायालयात सहसा आव्हान देता येत नाही. नागरिकाला बोलता येते ते मुख्यतः मसुद्यावरच्या हरकतींच्या वेळी, आणि आपला भाग मागे कुठे होता हेच ठाऊक नसेल तर हरकत तरी कशाच्या आधारावर घेणार? ८४ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवल्या आहेत. पुढचा नकाशा त्यानंतरचा.

सरकारी तक्ता येईल तेव्हा येईल. पारोळ्यात किंवा यावलमध्ये घरातल्या जुन्या पेटीत १९९० च्या दशकातले मतदार ओळखपत्र सापडले तर ते उलटून पाहा. मागे विधानसभा मतदारसंघाचे नाव छापलेले असते, त्या नावाने आता आमदार निवडला जात नाही. क्रमांक आणि पत्ता झाकून त्याचे छायाचित्र या धाग्याखाली टाका, गावाचे नाव जरूर लिहा, आणि त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना २००७ मध्ये मतदानाला गेला होतात का, एवढे विचारून घ्या.