मावशींच्या हाती फक्त फडकं?

रुग्णालयात ‘जंतुसंसर्ग नियंत्रण प्रशिक्षण’ भरतं तेव्हा सभागृहात कोण बसलंय ते बघावं. डॉक्टर, मेट्रन, सिस्टर. पडद्यावर इंग्रजी मजकूर. सुया, रक्ताळलेले बोळे, बाळंतिणीची वार उचलणारी कंत्राटी मावशी मात्र बाहेर जिना पुसत असते. मी पाहिलेल्या एका शिबिरात ती आत आली ती चहाचे कप उचलायला. वॉर्डात संसर्ग वाढला की पहिला ठपका तिच्यावरच: ‘मावशीने नीट पुसलं नाही!’

कायदा काय म्हणतो? जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ साली आले, २०१६ साली नव्याने झाले. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला रुजू होताना आणि पुढे दरवर्षी प्रशिक्षण, शिवाय हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. ‘प्रत्येकाला’ या शब्दातून कंत्राटी बाई वगळली कुणी? आणि या कामावर पिढ्यानपिढ्या दलित बायकाच का, हेही विचारायला हवं.

लस न घेतलेल्या बाईला हिपॅटायटिस बीच्या रुग्णाची सुई टोचली, तर लागणीची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. तरी धसका एचआयव्हीचाच. या लशीचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात. मध्येच ठेकेदार बदलला तर तिसरा डोस कुणाच्या खात्यावर? एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. पण सुई टोचल्याचं सांगितलं तर बोलणी खायची, खाडा लागायचा, म्हणून बाई गप्प राहते. ती सुई पांढऱ्या जाड डब्याऐवजी पिशवीत टाकणारा हात तिचा नसतोच.

१८४७ साली व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइसने दाखवलं होतं, की सुइणींच्या वॉर्डापेक्षा डॉक्टरांच्या वॉर्डात जास्त बाळंतिणी मरत होत्या. शवविच्छेदनाचे हात घेऊन डॉक्टर थेट बाळंतपणाला जात. अस्वच्छतेचा शिक्का मात्र आजही मावशीच्याच कपाळी!

मैत्रिणींनो, रुग्णालयांना दरवर्षी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अहवाल द्यावा लागतो. त्यात ‘अद्याप प्रशिक्षण न मिळालेले कर्मचारी किती’ असा रकाना आहे. आपापल्या तालुक्यातल्या रुग्णालयाकडे तो अहवाल मागा. त्या आकड्यात कंत्राटी मावशी धरल्या आहेत का, ते लेखी विचारा. आणि अर्ज देताना मावशींनाही सोबत न्या.