बरा झालेला रोग, उरलेली वेदना

कुष्ठरोगाचे जंतू औषधाने मरतात. त्यांनी पोखरलेल्या मज्जातंतूंची वेदना मात्र कित्येकदा मागे उरते. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापून वरोऱ्याला आनंदवन उभारले, त्या चंद्रपूर जिल्ह्याला हे नव्याने सांगावयास नको. दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले म्हणून २००५ मध्ये देशपातळीवर निर्मूलन जाहीर झाले. परंतु मोहर्लीकडचा एखादा मजूर पायांच्या आगीने रात्रभर तळमळत असला, तरी सरकारी नोंदीत तो ‘बरा’च असतो.

अशाला मज्जातंतू उष्णतेने जाळून निकामी करण्याचा मार्ग मोहक वाटेल. तथापि या दुखण्यात त्याच्या यशाचा पुरावा तोकडा आहे. तंतू पुन्हा वाढून वेदना परतू शकते. शिवाय उरलीसुरली संवेदना गेली, तर जंगलात रुतलेला काटा कळणार नाही आणि जखम चिघळेल. ही किंमत शुल्काच्या पावतीवर छापलेली नसते. म्हणून आधी तंतूंची सूज तपासावी, अमिट्रिप्टिलिनसारख्या स्वस्त गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळाव्यात आणि ‘बरा’ या शेऱ्याशेजारी वेदनेचाही रकाना असावा. निर्णय रुग्णाचाच; पण तो पूर्ण हिशेब पाहून व्हावा.