थ्रॉम्बॉक्सेनवरील एकतर्फी आरोपपत्र

१९५४ साली पोर्तुगीज अंमलातून सुटलेल्या आणि पुढे कारखान्यांनी गजबजलेल्या सिल्वासात हृदयविकाराचा विषय निघाला की कोणी ना कोणी गृहस्थ सल्ला देतोच, की पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाने रक्त पातळ करण्याची गोळी रोज घ्यावी. गोळी जुनी, स्वस्त, मग बिघडले कुठे? या मतामागचा पूर्वपक्ष उपहासाने उडवण्याजोगा नाही. रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, थ्रॉम्बॉक्सेन स्रवतात, आणि ते इतर बिंबिकांना गोळा करून रक्तवाहिनी आकुंचित करते, हे स्वीडनच्या सॅम्युएल्सन प्रभृतींनी १९७५ साली दाखवले. ही गोळी, म्हणजे ॲस्पिरिन, त्याच द्रव्याची निर्मिती रोखते. सबब द्रव्य गुन्हेगार व गोळी तारक.

मात्र या आरोपपत्रात दुसऱ्या पक्षाची कैफियत दाखलच झालेली नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडात जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत वाहिनीच्या भिंतीतून निर्माण होणारे प्रोस्टासायक्लिन हाती लागले, जे बिंबिकांना एकत्र येऊ देत नाही व वाहिनी रुंदावते. दोहोंचे मूळ एकच, ॲराकिडोनिक आम्ल. एक जखम बुजवण्यास धावते, दुसरे गुठळीला जखमेपलीकडे पसरू देत नाही. दोहोंपैकी एकालाच दाबल्याने काय ओढवते, याचा दाखला रोफेकॉक्सिब या सांधेदुखीच्या औषधाने दिला. १९९९ साली बाजारात आलेल्या या औषधाने जठर सांभाळले, परंतु प्रोस्टासायक्लिन घटवून थ्रॉम्बॉक्सेनला मोकळे रान दिले. २००० सालच्या चाचणीत हृदयविकाराचे झटके अधिक दिसले, तेव्हा हा फरक तुलनेच्या औषधाच्या हृदयरक्षक गुणाचा, अशी मखलाशी झाली. (सोयीचे स्पष्टीकरण सापडले की विद्वानांनाही झोप लागते.) सप्टेंबर २००४ मध्ये ते परत घेण्यात आले आणि डिसेंबरात भारत सरकारनेही मनाईहुकूम काढला.

मग ॲस्पिरिन निरुपयोगी काय? मुळीच नाही. बिंबिकेला केंद्रक नसल्याने ॲस्पिरिनने निकामी केलेले, ही द्रव्ये घडवणारे विकर तिला पुन्हा घडवता येत नाही व ती आठदहा दिवसांचे आयुष्य तशीच कंठते. वाहिनीच्या अस्तरातील पेशी मात्र ते काही तासांत नव्याने घडवतात. म्हणूनच ७५ मिलिग्रॅमची अल्प मात्रा पारडे इष्ट बाजूस झुकवते, आणि १९८८ च्या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत झटक्यानंतर लगेच दिलेल्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटवले. हा निकाल आजाऱ्यांचा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, बहुतांशी सत्तरी ओलांडलेल्या निरोगी माणसांच्या चाचणीत हृदयविकार लक्षणीयरीत्या टळला नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढला.

सिल्वासा वसलेल्या दमणगंगेच्या खोऱ्यात पावसाळ्यात डेंग्यूचा ज्वर येतो, बिंबिकांची संख्या घसरते, आणि अशा वेळी विनाकारण रोज गोळी घेणाऱ्याने रक्तस्रावाचा धोका आपणहून पदरात घेतलेला असतो. ज्याच्या हृदयवाहिनीत स्टेंट आहे, त्याने मात्र हे वाचून गोळी परस्पर बंद करू नये. ज्वर चढला असला तरी ती चालू ठेवावी की थांबवावी, याचा निर्णय बिंबिकांची गणना पाहून त्याच्या डॉक्टरांनीच करावा.