रेनकोट अंगावर, तरी कामगार चिंब!

आंबिवली / प्रतिनिधी

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर शहाडनंतर आंबिवली आणि त्यापुढे टिटवाळा ही स्थानके लागतात. एका अंगाला उल्हास आणि दुसऱ्या अंगाला काळू अशा दोन नद्यांमधला हा पट्टा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे लोकल उशिरा धावली, की प्रवाशांची तगमग होते. पण ती लोकल मुळात धावावी म्हणून भर पावसात रूळ तपासत फिरणारे ट्रॅकमन, तुंबलेली गटारे मोकळी करणारे पालिकेचे सफाई कामगार आणि वीज गेली की खांबावर चढणारे महावितरणचे लाइनमन यांच्या अंगावर काय असते, याचा विचार सहसा होत नाही. उत्तर साधे आहे : रेनकोट. आणि याच साध्या उत्तरात खरा प्रश्न दडलेला आहे.

पावसाळी साहित्य वेळेवर मिळत नाही, मिळाले तर निकृष्ट असते, ही कामगार संघटनांची जुनी तक्रार आहे. ती रास्तच आहे. मात्र कोट वेळेवर मिळाला, तो कोठेही गळत नसला, तरी दोन तासांच्या अंगमेहनतीनंतर कामगार आतून ओलाच असतो. पावसाचे पाणी अडवणारा कोट घामाची वाफही अडवतो. कोट खरेदी करताना पाणी आत येते का, एवढेच पाहिले जाते. घाम बाहेर जातो का, हा प्रश्न विचारला जात नाही. तो विचारला गेल्याशिवाय या कामगारांचा पावसाळा कोरडा होणार नाही.

घामाचे गणित

माणूस स्वस्थ बसलेला असताना त्याचे शरीर साधारण १०० वॉट उष्णता निर्माण करते. फावडे चालवणे, खडी सारखी करणे, गटारातील गाळ उपसणे अशा कामांत हाच आकडा ३०० ते ५०० वॉटपर्यंत जातो. ही उष्णता बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली, तर शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. पण त्यासाठी घामाची वाफ व्हायला हवी आणि ती अंगापासून दूर जायला हवी. बंद कोटात ती जात नाही. पावसाने थंड झालेल्या कोटाच्या आतल्या बाजूवर ती पुन्हा पाणी होऊन साचते आणि सदरा भिजवते. कामगाराला वाटते, कोट गळतो आहे. प्रत्यक्षात ते त्याच्याच अंगाचे पाणी असते.

काम चालू असेपर्यंत या ओलाव्याचा त्रास उकाड्याच्या रूपाने होतो. काम थांबले, की तोच ओलावा थंडी होऊन अंगावर येतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे मध्यरात्री वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसाचा ओला सदरा त्याच्या अंगातील ऊब ओढून घेतो. आंबिवलीत हा त्रास हुडहुडीवर निभावतो. याच मार्गावर पुढे कसारा घाटात बोचरा वारा आणि धुके असते, तेथे तो अधिक गंभीर होतो. सतत ओल्या राहिलेल्या त्वचेवर गजकर्ण फोफावते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, काखा आणि जांघा सोलवटतात. हे आजार माणूस दगावण्याइतके मोठे नसतात. म्हणूनच ते कोणत्याही अपघाताच्या नोंदीत येत नाहीत.

कोट काढून ठेवला जातो तेव्हा...

तरीही या प्रश्नाचा सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. गुदमरवणारा कोट कामगार अंगावर ठेवत नाही. तो बटणे उघडी टाकतो किंवा कोट काढून रुळालगत ठेवतो. कोटाबरोबर त्यावरचा भडक रंग आणि प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्याही जातात. धुवांधार पावसात मोटरमनला किंवा ट्रकचालकाला तो माणूस दिसण्याची एकमेव खूण तीच असते. कोटाची टोपी हा दुसरा धोका. ताठ कापडाची, मानेबरोबर न वळणारी टोपी डोक्यावर असली, की बाजूचे दिसत नाही आणि पावसाच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या कामावरील मृत्यूंकडे डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात लक्ष वेधले होते. रुळावर काम करणाऱ्याचे डोळे आणि कान हीच त्याची पहिली सुरक्षा असते. ती झाकणारा कोट संरक्षक म्हणवून घेऊ शकत नाही.

रुळांवरची ही पायपीट किती मोलाची आहे, हे २९ ऑगस्ट २०१७ रोजी याच मार्गाने दाखवून दिले. मुसळधार पावसातील भूस्खलनामुळे वासिंद व आसनगाव यांच्या दरम्यान नागपूर-मुंबई दुरांतो एक्स्प्रेसचे डबे घसरले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. खचणारा भराव, वाहून जाणारी खडी आणि सरकणारी माती वेळीच हेरण्यासाठी पावसाळ्यात रुळांवर गस्त असते. गस्त घालणारा माणूस घामाने, थंडीने बेजार असेल, तर त्याचे लक्ष रुळावर किती राहील?

लाइनमनच्या बाबतीत ओलावा हाच धोका ठरतो. कोरड्या त्वचेचा विजेला होणारा विरोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो. त्वचा भिजली, की तो हजार ओहमच्या आसपास घसरतो. वीजपुरवठा बंद करून, हातमोजे घालूनच काम करायचे हा नियम आहेच. पण चूक कोठे झालीच, तर आतून चिंब झालेला माणूस कोरड्या माणसापेक्षा कितीतरी अधिक असुरक्षित असतो.

परदेशी कापड, कोकणची हवा

यावर ‘श्वास घेणाऱ्या’ कापडाचा उपाय सुचवला जातो. अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी १९६९ मध्ये एक विशिष्ट प्लास्टिक झटक्यात ताणून अतिसूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार केला. त्यातून पुढे गोर-टेक्स हे कापड बाजारात आले. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून आत शिरत नाही, वाफ मात्र बाहेर जाते. गिर्यारोहकांना हे कापड वरदान ठरले. मग तेच आंबिवलीच्या कामगाराला का देऊ नये?

किंमत हे एक कारण आहेच. पण त्याहून मोठे कारण हवेत आहे. वाफ कापडातून बाहेर जाते ती आत-बाहेरच्या बाष्पदाबातील फरकामुळे. घामेजलेल्या, ३५ अंश तापमानाच्या त्वचेलगत हा दाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो. युरोपात ८ अंश तापमानाच्या पावसाळी हवेत, आर्द्रता ९० टक्के धरली, तर तो एका किलोपास्कलच्या आसपास असतो. कल्याण परिसरातील जुलैच्या हवेत, २७ अंश व तेवढ्याच आर्द्रतेला, तो ३.२ किलोपास्कल भरतो. म्हणजे तेथे साडेचाराहून अधिक असलेला फरक येथे जेमतेम अडीच किलोपास्कलवर येतो. वाफेला बाहेर ढकलणारा जोर निम्म्यावर येतो. त्यात कापडाचा बाहेरचा थर सततच्या पावसाने भिजून गेला, की उरलासुरला मार्गही अडतो.

पाऊस अडवणाऱ्या कामाच्या कपड्यांसाठी युरोपात ‘ईएन ३४३’ हे मानक आहे. कापड पाणी किती रोखते यासोबतच ते वाफेला किती विरोध करते, हेही त्यात मोजून प्रतवारी केली जाते. सर्वांत खालच्या प्रतीचा, म्हणजे वाफ जवळजवळ न सोडणारा कोट २५ अंश तापमानात सलग ६० मिनिटांपेक्षा अधिक घालू नये, अशी शिफारस हे मानक करते. ती शिफारसही ५० टक्के आर्द्रता गृहीत धरून केलेली आहे. आपल्याकडे पावसाळ्यात इतकी कोरडी हवा मिळणे दुरापास्त! युरोपचा तक्ता जसाच्या तसा येथे लावता येणार नाही, पण कोट अंगावर किती वेळ ठेवता येतो हेही मोजायचे असते, ही त्यामागील दृष्टी मात्र घेण्यासारखी आहे.

इरल्याचे शहाणपण

कापडातून वाफ जात नसेल, तर हवाच आतून खेळवली पाहिजे. ही गोष्ट ठाणे जिल्ह्यातील भातशेतीला नवी नाही. बांबूच्या कामट्या आणि पानांपासून विणलेले इरले डोक्यापासून कंबरेखालपर्यंत पाठ झाकते. पुढची बाजू आणि खालचा भाग मात्र पूर्ण मोकळा. वाकून लावणी करणाऱ्याच्या पाठीवर पाऊस पडतो, म्हणून आडोसा पाठीलाच. इरले अंगाला चिकटत नाही. अंग आणि आच्छादन यांमधल्या पोकळीतून हवा सतत वाहत राहते. घोंगडीच्या खोळीचे तत्त्व वेगळे. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा शोषूनही फारशी ओली लागत नाही आणि ऊब टिकवून धरते. प्लास्टिकचा कागद आला आणि दोन्ही गोष्टी मागे पडल्या. प्लास्टिक हलके, स्वस्त आणि पूर्ण जलरोधक. पण हवा खेळवण्याचा विचार त्याबरोबर हरवला.

ट्रॅकमनने इरले पांघरावे, असे कोणी म्हणणार नाही. वाऱ्यात ते शिडासारखे फुगेल आणि हातांची हालचाल अडवेल. प्रश्न तत्त्वाचा आहे. कोणत्या बाजूने पाऊस लागतो, काम करताना अंग कसे वळते आणि हवा कोठून आत येऊन कोठून बाहेर जाईल, हे आधी ठरवायचे व मग कापड कापायचे. कोटाच्या पाठीवर आडवी फट ठेवून तिच्यावर रुंद झालर शिवली, तर पाऊस झालरीवरून ओघळतो आणि तापलेली हवा फटीतून वर निघून जाते. काखेखाली झाकलेली उघड, आतल्या बाजूने जाळीदार अस्तर, खाली मोकळा घेर आणि वेगळी विजार एवढे केले, तरी हात हलला की हवा भात्यासारखी आत-बाहेर होते. चेन चिखलाने अडकते, म्हणून तिच्याऐवजी झाकण असलेली उघड बरी. टोपी शिरस्त्राणावर बसणारी, मानेबरोबर वळणारी आणि कान मोकळे ठेवणारी असावी. लाइनमनच्या कोटात धातूची चेन वा बटणे नसावीत. सफाई कामगारांत मोठ्या संख्येने महिला आहेत आणि त्यांतील अनेकजणी साडीवर काम करतात. पुरुषी मापाचा कोट त्यांच्या कामाचा नाही.

अशा फटींतून पाणी आत येईल, हा आक्षेप अपेक्षित आहे. आडव्या पावसात थोडे येईलही. पण बंद कोटात माणूस घामाने संपूर्ण भिजतोच. खांद्यावर चार थेंब आले आणि सदरा कोरडा राहिला, तर सौदा फायद्याचाच म्हणायचा. अपवाद एका ठिकाणी करावा लागेल. मैलामिश्रित पाण्याशी संबंध येतो तेथे उघडा कोट चालणार नाही. तेथे पूर्ण बंद पोशाखच हवा आणि म्हणूनच कामाच्या पाळ्या आखूड हव्यात, यंत्रे हवीत. संरक्षक साधनांविना माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. तेथे रेनकोटाच्या चर्चेने वेळ मारून नेता येणार नाही.

निविदेत काय लिहावे?

याला निधीपेक्षा इच्छाशक्तीची गरज अधिक आहे. यंत्रमागांची भिवंडी आणि कपडे शिवण्यात हात बसलेले उल्हासनगर आंबिवलीपासून हाकेच्या अंतरावर आहे. स्वतः आंबिवली-मोहोने परिसर दीर्घकाळ ओळखला गेला तो नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या धाग्यामुळे. तो कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि हजारो कुटुंबांचे जगणे विस्कटले. कापडाच्या तपासणीसाठी घाटकोपरची ‘बिट्रा’ आणि वरळीची ‘सस्मिरा’ या संस्था दूर नाहीत. धागा, कापड, शिलाई आणि तपासणी यांचे ज्ञान एवढ्याशा पट्ट्यात असताना येथल्या हवेला साजेसा कोट घडू नये, हे अनाकलनीय आहे.

अडचण खरेदीच्या पद्धतीत आहे. निविदेत जे मोजायला सांगितले जाते, तेवढेच पुरवठादार देतो. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळत असेल, तर न मागितलेली झालर तो कशाला शिवेल? त्यामुळे वाफेचा विरोध, हवा खेळण्याच्या जागा, टोपीची रचना आणि महिलांची मापे या गोष्टी अटींमध्येच यायला हव्यात. प्रत्येकाला दोन जोड आणि चौकीत ते वाळवण्याची सोय हवी, कारण ओला कोट दुसऱ्या दिवशी घालणे ही शिक्षाच असते. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनुसार सुरक्षिततेसाठी केलेल्या सोयींचा खर्च कामगाराकडून वसूल करता येत नाही. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत या तरतुदीवर विशेष लक्ष ठेवावे लागेल.

खरेदीपूर्वीची चाचणी तर एका वजनकाट्यावर होऊ शकते. दोन-तीन नमुन्यांचे कोट काही ट्रॅकमन, सफाई कामगार आणि लाइनमन यांना एका पावसाळ्यापुरते द्यावेत. पाळी सुरू होण्यापूर्वी आतल्या सदऱ्याचे वजन करावे आणि दोन तासांनी पुन्हा करावे. ज्या कोटाखालचा सदरा सर्वांत कमी जड झाला, तो कोट चांगला. मग कामगारांना विचारावे, यातला कोणता तुम्ही स्वतःहून अंगावर ठेवाल? रेल्वे, महापालिका आणि महावितरण यांनी पुढची निविदा काढण्यापूर्वी एवढे केले, तरी कोटांच्या खरेदीत प्रथमच कोट घालणाऱ्याचे मत विचारात घेतले जाईल.